वॅट, व्हीए आणि केव्हार: तारेतल्या वर्दळीचा हिशेब

ऑनलाइन दुकानांत एक पांढरी डबी मिळते. सॉकेटमध्ये खोचली की तिच्यावर हिरवा दिवा लागतो आणि वीजबिल तीस-चाळीस टक्क्यांनी उतरतं, असा दावा असतो. विकणारा प्रात्यक्षिकही करून दाखवतो. एक छोटी मोटर चालू असते, तिच्या बोर्डाला वीज पुरवणाऱ्या वायरीला क्लॅम्प मीटर, म्हणजे करंट मोजणारा चिमटा, लावलेला असतो, आकडा समजा २ ॲम्पिअर. डबी खोचली की तोच आकडा १.३ वर येतो. बघणारे चाट पडतात.

गंमत म्हणजे या प्रात्यक्षिकात हातचलाखी नसतेच. करंट खरोखर कमी होतो. आणि तरीही ती डबी घरी आणून लावली, तर बिलात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे कळलं की विद्युतशक्तीचे प्रकार आपोआप कळतात, कारण सगळा घोळ तिथेच आहे. गीझरवर वॅट लिहिलेले असतात, इन्व्हर्टरवर व्हीए, गावाबाहेरच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, केव्हीए आणि पंपाच्या कपॅसिटरवर केव्हीएआर, ज्याला वायरमन सरळ 'केव्हार' म्हणतात. 'वीज किती लागते?' या एकाच प्रश्नाची ही वेगवेगळी उत्तरं आहेत, आणि प्रत्येक उत्तर आपापल्या जागी बरोबर आहे.

आधी शक्ती आणि ऊर्जा यांच्यातला गुंता सोडवून घेऊ. शक्ती म्हणजे दर. एका सेकंदाला एक ज्यूल ऊर्जा खर्च होत असेल तर ती शक्ती एक वॅट. हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक किलोवॅट-तास, म्हणजेच बिलावरचं एक युनिट; ज्यूलमध्ये मोजलं तर ३६ लाख. २००० वॅटचा गीझर पंधरा मिनिटं चालला तर अर्धं युनिट जातं. ७५ वॅटचा जुना पंखा रात्रभर, दहा तास फिरला तर पाऊण युनिट. आरडाओरडा मात्र घरात गीझरवरून होतो. 'या प्रकल्पातून रोज ५० मेगावॅट वीज तयार होणार' अशा बातम्याही नेहमी छापून येतात. मेगावॅट ही क्षमता झाली, रोज तयार होतात ती युनिटं. पत्रकारांनी एवढं जरी सांभाळलं तरी वाचकांचा निम्मा गोंधळ मिटेल.

वॅट हे नाव वाफेचं इंजिन सुधारणाऱ्या जेम्स वॅटचं. आपलं इंजिन किती घोड्यांचं काम करतं हे गिऱ्हाइकाला सांगता यावं म्हणून त्यानं हॉर्सपॉवर हे माप रूढ केलं. वॅटच्या नावाचं एकक विल्यम सीमेन्स यांनी १८८२ मध्ये सुचवलं. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. पाण्याच्या मोटरींनी एचपी आजतागायत सोडलेला नाही, आणि त्यात एक खोच आहे. पाच एचपीच्या मोटरीवर लिहिलेले पाच एचपी, म्हणजे ३.७३ किलोवॅट, हे शाफ्टवर मिळणारं काम असतं. तारेतून मोटर याहून जास्त घेते. कार्यक्षमता ८० टक्के धरली तर सुमारे ४.६६ किलोवॅट. हा आकडा पुढे लागणार आहे, लक्षात असू द्या.

गुणाकार सोपा, वेळ अवघड

डीसीमध्ये, म्हणजे बॅटरी, मोबाइलचा चार्जर, सोलर पॅनल अशा ठिकाणी, विषय एका ओळीत संपतो. व्होल्ट गुणिले ॲम्पिअर म्हणजे वॅट. ५ व्होल्टचा चार्जर २ ॲम्पिअर देत असेल तर १० वॅट. शक्तीला प्रकारच नाहीत.

एसीत, म्हणजे घरी येणाऱ्या, सतत दिशा बदलणाऱ्या विजेत, हाच गुणाकार अवघड होतो, कारण गुणायचे दोन्ही आकडे सतत हलत असतात. घरातले '२३० व्होल्ट' ही एक प्रकारची सरासरी आहे; तांत्रिक भाषेत आरएमएस. प्रत्यक्षात दाब, म्हणजे व्होल्टेज, शून्यापासून ३२५ व्होल्टपर्यंत चढतो, उतरतो, उलट्या दिशेनं पुन्हा ३२५ पर्यंत जातो आणि शून्यावर येतो. असं एक आवर्तन २० मिलिसेकंदांत पुरं होतं, सेकंदाला ५० वेळा. हीच ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी.

आता पाण्याचा हीटर लावला आणि तो ५ ॲम्पिअर घेतोय असं धरा. हीटर म्हणजे निव्वळ रोध. दाब चढला की करंट चढतो, दाब शून्य झाला की करंटही शून्य. दोघं हातात हात घालून चालतात. ज्या क्षणी दाब ३२५ वर असतो, त्या क्षणी करंट साधारण ७ ॲम्पिअरवर असतो आणि गुणाकार २३०० वॅटच्या घरात जातो. पाच मिलिसेकंदांनी दोन्ही शून्य, म्हणून शक्तीही शून्य. पुढे दोघंही उलट्या दिशेला जातात, पण ऋण गुणिले ऋण म्हणजे धन, त्यामुळे ऊर्जा हीटरकडेच जात राहते. या क्षणाक्षणाच्या गुणाकाराला तात्कालिक शक्ती म्हणतात. तिची सरासरी ११५० वॅट येते, म्हणजे २३० गुणिले ५. इथवर डीसीचाच नियम टिकला.

हीटर काढून तिथे तांब्याच्या तारेची मोठी गुंडाळी लावू. तारेचा रोध नगण्य आहे असं समजू. गुंडाळीचा स्वभाव असा की करंट बदलायला ती विरोध करते, त्यामुळे करंट दाबाच्या पाव आवर्तन, म्हणजे ५ मिलिसेकंद, मागे पडतो. दाब शिखरावर असतो तेव्हा करंट शून्य. करंट शिखरावर पोचतो तेव्हा दाब शून्य. आता क्षणाक्षणाचा गुणाकार केला तर पहिली ५ मिलिसेकंदं तो धन येतो, कमाल ११५० वॅटपर्यंत. पुढची ५ मिलिसेकंदं तो तेवढाच ऋण येतो. ऋण शक्ती म्हणजे काय? ऊर्जा उलट्या दिशेनं, गुंडाळीकडून वीज कंपनीकडे निघाली. आधी ती गुंडाळीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात जमा झाली होती. क्षेत्र ओसरलं तशी परत गेली. सरासरी शून्य. गुंडाळी तापत नाही, फिरत नाही, मीटरमधलं युनिट पुढे सरकत नाही. पण ॲम्पिअर मोजलात तर पुरे ५.

याला उसनवारी म्हणावी. शेजारच्या वहिनींनी वाटीभर साखर न्यायची आणि लगेच परत आणून द्यायची, आणि हे सेकंदाला शंभर वेळा. तुमच्या डब्यातली साखर संपत नाही, पण जिन्यावरची वर्दळ खरी असते.

कपॅसिटर हीच उसनवारी उलट्या वेळेला करतो. त्यात ऊर्जा विद्युत क्षेत्रात साठते आणि करंट दाबाच्या पाव आवर्तन पुढे असतो. गुंडाळी ज्या ५ मिलिसेकंदांत मागत असते, नेमक्या त्याच वेळात कपॅसिटर परत करत असतो. ही गोष्ट फार कामाची आहे.

तीन शक्ती, एक त्रिकोण

खरी उपकरणं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. मोटरीला चुंबकीय क्षेत्र उभं करायला उसनी ऊर्जा लागते, आणि पाणी ओढायला प्रत्यक्ष खर्च होणारी ऊर्जा लागते. करंट थोडा मागे पडतो, पाव आवर्तनाइतका नाही. समजा तो ६० अंश मागे आहे (पूर्ण आवर्तन ३६० अंशांचं). २३० व्होल्ट आणि ५ ॲम्पिअरच असले तरी सरासरी शक्ती आता ११५० वॅट येत नाही, ५७५ येते. कारण ६० अंशाचा कोसाइन ०.५.

इथून तीन नावं पडतात. जी ऊर्जा जाते आणि परत येत नाही, जिचं उष्णतेत, उजेडात, फिरण्यात रूपांतर होतं, तिचा दर म्हणजे ॲक्टिव्ह पॉवर, वास्तव शक्ती. एकक वॅट. घरगुती मीटर हिचीच बेरीज करतो. जी नुसती ये-जा करते तिचा आकार म्हणजे रिॲक्टिव्ह पॉवर. एकक व्हार, मोठ्या प्रमाणात केव्हार. आणि वेळेचा विचार न करता व्होल्ट आणि ॲम्पिअर यांचा नुसता गुणाकार केला तर येते ती ॲपरंट पॉवर, भासमान शक्ती. एकक व्होल्ट-ॲम्पिअर, म्हणजे व्हीए; हजार व्हीए म्हणजे एक केव्हीए.

ही तिन्ही सरळ बेरजेनं जुळत नाहीत. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू वॅट आणि व्हार, तर कर्ण व्हीए. शाळेतला पायथागोरस इथे कामाला येतो: वॅटचा वर्ग अधिक व्हारचा वर्ग म्हणजे व्हीएचा वर्ग. वॅटला व्हीएनं भागलं की पॉवर फॅक्टर, बोलीभाषेत पीएफ. हीटरचा १, वरच्या मोटरीचा ०.५.

आता पांढरी डबी उघडू. आत एक कपॅसिटर आणि हिरव्या दिव्यापुरतं सर्किट असतं. प्रात्यक्षिकातली मोटर २३० व्होल्टवर २ ॲम्पिअर घेत होती, म्हणजे ४६० व्हीए. तिचा पीएफ ०.६ धरला तर खरा खर्च २७६ वॅट. डबी लावल्यावर मोटरीची बरीचशी उसनवारी डबीशी सुरू झाली, वीज कंपनीकडून येणारा करंट १.३ ॲम्पिअर झाला, व्हीए ३०० वर आले. वॅट? तेच २७६. घरगुती बिल वॅटवर, म्हणजे युनिटवर आहे. क्लॅम्प मीटरला ॲम्पिअर दिसतात, त्यांची वेळ दिसत नाही. नेमका त्याचाच फायदा घेऊन ही डबी विकली जाते.

जाता जाता: पंख्याचा 'कंडेन्सर' म्हणजेही कपॅसिटरच, पण त्याचं काम वेगळं. सिंगल फेजवर पंख्याला फिरायची दिशा आणि पुरेसा जोर मिळत नाही, म्हणून दुसऱ्या गुंडाळीतला करंट पुढे ढकलण्यासाठी तो लावलेला असतो. तो बिघडला की पंखा गुरगुरतो नाहीतर मंद फिरतो. पीएफ सुधारायला तो बसवलेला नाही.

मग घरगुती ग्राहकानं व्हीएची फिकीर का करावी? इन्व्हर्टर घेताना करावी लागते. '९०० व्हीए' लिहिलेल्या इन्व्हर्टरचा पीएफ ०.८ असेल तर तो ७२० वॅटच देणार. दुकानदार मोठा आकडा सांगतो, गिऱ्हाईक ९०० वॅटचा हिशेब मांडून बसतं, आणि मिक्सर लावला की इन्व्हर्टर शिट्टी मारतो. ट्रान्सफॉर्मरवर केव्हीए लिहायचं कारण याहून प्रामाणिक आहे. ट्रान्सफॉर्मर तापतो तो त्याच्या गुंडाळीतल्या करंटमुळे आणि गाभ्यावरच्या दाबामुळे. तो करंट कामाचा होता की उसनवारीचा, याचं तांब्याला सोयरसुतक नाही. पुढे कसला भार लागणार हे बनवणाऱ्याला ठाऊक नसतं, त्यामुळे वॅटचा आकडा तो देऊच शकत नाही.

पाच एचपीचा पंप आणि शेवटच्या खांबावरचं व्होल्टेज

हा सगळा विषय महाराष्ट्रात सगळ्यात ठळक दिसतो तो शेतीपंपांवर. मघाचा पाच एचपीचा पंप घेऊ. थ्री फेज, ४१५ व्होल्ट, आत घेतलेली शक्ती ४.६६ किलोवॅट, पीएफ ०.८. थ्री फेजला सूत्रात वर्गमूळ ३, म्हणजे १.७३२, येतं. ४६६० ला १.७३२, ४१५ आणि ०.८ यांच्या गुणाकारानं भागलं की करंट ८.१ ॲम्पिअर. आता पंपाच्या स्टार्टरपाशी २ केव्हारचा कपॅसिटर लावला, तर पीएफ ०.९५ च्या आसपास जातो आणि करंट ६.८ ॲम्पिअरवर येतो. विहिरीतून पाणी तेवढंच येतं.

१.३ ॲम्पिअर म्हणजे फार काही नाही असं वाटेल. पण तारेत वाया जाणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ०.८ भागिले ०.९५ याचा वर्ग ०.७१. म्हणजे त्या पंपापायी लाइनमध्ये जळणारी वीज २९ टक्क्यांनी घटली. ही मात्र खरी वॅट आहेत. शिवाय ०.८ पीएफला एक पंप ५.८ केव्हीए अडवतो, ०.९५ ला ४.९. शंभर केव्हीएच्या डीपीवर पहिल्या हिशेबानं सतरा पंप मावतात, दुसऱ्या हिशेबानं वीस. डीपी तीच, तारा त्याच.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची, आणि ती शेतकऱ्याच्या खिशाशी थेट जोडलेली आहे. व्होल्टेज पडलं की हीटर आणि मोटर अगदी उलट वागतात. २००० वॅटचा गीझर २३० ऐवजी १८० व्होल्टवर चालवला तर तो १२२५ वॅटच घेतो. पाणी उशिरा तापतं, नुकसान काही नाही. मोटरीला मात्र पाण्याचा भार तेवढाच ओढायचा असतो. दाब कमी मिळाला तर ती जास्त करंट खेचून तूट भरून काढू बघते. करंट वाढला की लाइनमध्ये दाब आणखी पडतो, मग मोटर आणखी खेचते. लाइनच्या शेवटच्या खांबावरच्या पंपाची मोटर जळते ती बहुतेकदा अशी, आणि रिवाइंडिंगवाल्याचं दुकान चालतं तेही त्यावरच. प्रत्येक पंपाशी कपॅसिटर असेल तर ही साखळी सुरुवातीलाच सैल होते. कपॅसिटर पंपापाशीच हवा, हेही यातून निघतं. डीपीशेजारी लावलेला कपॅसिटर डीपीला दिलासा देईल, पण डीपीपासून शेतापर्यंतच्या तारांतली वर्दळ तशीच राहील.

महावितरण शेतकऱ्यांना कपॅसिटर बसवा, ऑटोस्विच काढा असं वारंवार सांगते ते याच कारणानं. वीज गेली आणि आली की ऑटोस्विचवाले सगळे पंप एकदम सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते, त्यातही बहुतेक भाग रिॲक्टिव्ह. डीपीचा फ्यूज तेव्हाच उडतो. पण शेतकऱ्याच्या बाजूनंही बघायला हवं. रात्री दोनला वीज येणार असेल, तर बांधावर जाऊन बटण दाबण्यापेक्षा ऑटोस्विच कोणालाही परवडतो. आणि कपॅसिटरचा थेट फायदा लाइनला होतो, पैसे पंपवाल्यानं घालायचे, शेजाऱ्यानं नाही बसवला तर आपल्या एकट्याच्या कपॅसिटरनं व्होल्टेज फारसं उठत नाही. ही अडचण तांत्रिक कमी, सामाईक बांधाची जास्त.

कारखान्यांच्या बाबतीत हा तिढा बिलानंच सोडवला. आधी युनिटं मोजायची आणि पीएफ चांगला असेल तर सूट, घसरला तर दंड, अशी रीत होती. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून थेट केव्हीए-तासावर बिल येऊ लागलं. म्हणजे साखर किती संपली हे न बघता जिन्यावर किती वर्दळ झाली हेच मोजायचं. त्यामुळे एमआयडीसीतल्या कुठल्याही बऱ्या कारखान्यात एक एपीएफसी पॅनल दिसतं. भार बदलेल तसे कपॅसिटर आपोआप आत-बाहेर करणारं कपाट. कपॅसिटर गरजेपेक्षा जास्त झाला तरी उसनवारी होतेच, फक्त उलट्या वेळेला. म्हणून 'जितका मोठा तितका बरा' हा हिशेब इथे लागू पडत नाही.

थ्री फेजबद्दल एक सुंदर गोष्ट सांगायची राहिली. सिंगल फेजवर तात्कालिक शक्ती सेकंदाला शंभर वेळा धडधडते, हे आपण हीटरच्या उदाहरणात पाहिलं. तीन फेज एकमेकांपासून १२० अंशांवर असतात. भार तिन्हींवर सारखा असेल तर तिघांच्या तात्कालिक शक्तींची बेरीज कुठल्याही क्षणी तेवढीच येते. चढ नाही, उतार नाही. पिठाच्या गिरणीची थ्री फेज मोटर इतकी एकसंध फिरते ती त्यामुळे.

कपॅसिटरनं न सुटणारं दुखणं

आतापर्यंत करंटची लाट गोंडस, गोलाईदार आहे असं धरलं. एलईडी बल्ब, संगणक, टीव्ही, मोबाइलचे चार्जर यांचा करंट तसा नसतो. दाब शिखराजवळ आला की ते एक घोट झटक्यात घेतात आणि उरलेला वेळ गप्प बसतात. करंट मागे नाही, पुढेही नाही. त्याचा आकारच विस्कटलेला. ९ वॅटच्या स्वस्त एलईडी बल्बचा पीएफ ०.५ असेल तर तो तारेवर १८ व्हीए अडवतो, आणि कपॅसिटर लावून हे सुधारत नाही. या विस्कटलेपणाच्या वाट्याला डिस्टॉर्शन पॉवर म्हणतात. रुमानियाच्या कॉन्स्टँटिन बुडेआनू यांनी १९२७ मध्ये तिची व्याख्या मांडली, आणि ती व्याख्या कितपत बरोबर यावर जाणकार नंतरही भांडत राहिले.

व्यवहारात याचा चटका न्यूट्रलला, म्हणजे परतीच्या तारेला, बसतो. तीन फेजवर सारखा साधा भार असेल तर न्यूट्रलमध्ये करंट एकमेकांना खाऊन टाकतात. पण विस्कटलेल्या करंटमध्ये १५० हर्ट्झचा जो भाग असतो, तो तिन्ही फेजचा एकाच वेळी येतो आणि न्यूट्रलमध्ये त्याची बेरीज होते. संगणकांनी भरलेल्या कार्यालयात फेजच्या तारा थंड आणि न्यूट्रल गरम, असं आढळतं ते यामुळे. जुन्या इमारतीत न्यूट्रल बारीक टाकलेली असेल तर हा धोकाच समजा.

चंद्रपूरहून पडघ्याला

मोठ्या प्रमाणावर वॅट आणि व्हार यांचे स्वभाव आणखी वेगळे दिसतात. वॅटची तूट पडली की सगळ्या ग्रिडची, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या वीजवाहिन्यांच्या जाळ्याची, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली घसरते. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाला जुळलं, तेव्हापासून ही फ्रिक्वेन्सी सगळ्या देशाची एकच आहे. व्हारची तूट मात्र स्थानिक असते. ती पडली की त्या भागातलं व्होल्टेज पडतं. व्हार लांबून आणणंही आतबट्ट्याचं, कारण लांबच लांब लाइन स्वतःच ते खाते.

भरपूर भार असलेली लांब एसी लाइन गुंडाळीसारखी वागते, रात्री भार उतरला की तीच कपॅसिटरसारखी वागून व्होल्टेज वर ढकलते. म्हणून मोठ्या सबस्टेशनांत कपॅसिटरही असतात आणि रिॲक्टर नावाच्या अजस्र गुंडाळ्याही. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, तेव्हा तपासात जे पुढे आलं ते वाढत गेलेलं व्होल्टेज आणि ते आवरायला अपुरी पडलेली व्यवस्था.

चंद्रपूरची वीज मुंबईच्या बाजूला आणायला महाराष्ट्रानं जो उपाय केला, त्यात तारेवरच्या व्हारचा प्रश्नच उरला नाही. चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची लाइन डीसी आहे, ±५०० केव्ही, १५०० मेगावॅट, १९९९ मध्ये सुरू झालेली. डीसीत दाब हलतच नाही, म्हणून इतक्या लांबच्या वाटेत उसनवारी नाही. फुकट मात्र काही मिळत नाही. दोन्ही टोकांना एसीचं डीसी आणि डीसीचं एसी करणारी जी कन्व्हर्टर स्टेशनं आहेत, तशा प्रकारची स्टेशनं जेवढे मेगावॅट वाहतात त्याच्या साधारण निम्मे मेगाव्हार स्वतः मागतात. त्यासाठी तिथे फिल्टर आणि कपॅसिटर बँका उभ्या कराव्या लागतात.

सोलर बसवलं आणि पीएफ घसरला

हल्ली उद्योजकांना चक्रावून टाकणारा प्रकार हा आहे. कारखान्याचा भार १०० किलोवॅट आणि ३३ केव्हार, पीएफ ०.९५, सगळं झकास. छतावर सोलर बसवलं. दुपारी ते ७० किलोवॅट देतं. बहुतेक सोलर इन्व्हर्टर बनवणाऱ्याकडून निघतानाच पीएफ १ वर बेतलेले असतात, म्हणजे फक्त वॅट देतात. आता ग्रिडकडून घ्यायचे उरले ३० किलोवॅट. पण ३३ केव्हार जसेच्या तसे ग्रिडकडूनच. त्रिकोण मांडला तर कर्ण ४४.६ केव्हीए आणि पीएफ ०.६७. कारखान्यात एकही यंत्र बदललेलं नाही, तरी मीटरवर पीएफ कोसळलेला दिसतो. केव्हीए-तासावर बिल असेल तर ३० ऐवजी ४४.६ चे पैसे पडतात, आणि सोलरवाल्यानं सांगितलेली बचत कागदावरच राहते. मालक सोलरवाल्याला फोन करतो, सोलरवाला म्हणतो आमची युनिटं बरोबर आहेत. ती बरोबरच असतात.

यावर दोन उपाय आहेत. एपीएफसी पॅनलला करंट दाखवणारी सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) सोलर जोडल्यानंतरच्या, ग्रिडकडच्या बाजूला हवी आणि पॅनलचा कंट्रोलर उलट्या दिशेची शक्ती ओळखणारा हवा. जुना कंट्रोलर दुपारी सोलर जास्त होऊन वीज ग्रिडकडे निघाली की गोंधळतो आणि भलतेच कपॅसिटर आत-बाहेर करतो. दुसरा उपाय इन्व्हर्टरलाच व्हार द्यायला लावण्याचा. ८० केव्हीएचा इन्व्हर्टर ७० किलोवॅट देत असताना पायथागोरसच्या हिशेबानं त्याच्याकडे सुमारे ३९ केव्हारची जागा शिल्लक असते. त्यातले २५ जरी त्यानं दिले, तरी ग्रिडकडून ३० किलोवॅट आणि ८ केव्हार, कर्ण ३१ केव्हीए, पीएफ ०.९७. काही इन्व्हर्टर सूर्य मावळल्यावरही व्हार देत राहतात, कारण उसनवारीला ऊन लागत नाही. तेव्हा सोलरचा करार करताना किती किलोवॅट एवढ्यावर न थांबता इन्व्हर्टर किती केव्हीएचा, भर दुपारी किती केव्हार देईल आणि रात्री देईल का, हे तीन आकडे कागदावर लिहून घ्यावेत.